दोन सूत

चौतीस वर्षं लेथवर उभा राहिलो, रबाळ्याला.
दुसऱ्यांच्या मापाचे शाफ्ट, बुश, पिना.
तीन थाऊचा फरक बोटाच्या टोकाला कळायचा.
ड्रॉइंगवर सही करणारे साहेब बदलले,
मशीनही एकदा बदललं.
माझं स्वतःचं माप
शिंप्याखेरीज कुणी घेतलं नाही.

म्हणून दुकानात शिरलो तो आकडा ठरवूनच.
छप्पन्न, म्हटलं. छप्पन्नची फ्रेम दाखवा.
उंची पाच आठ.
लग्नाच्या बायोडेटात पाच आठ,
कंपनीच्या मेडिकल कार्डावर पाच आठ,
तीस वर्षं कुणी हरकत घेतली नव्हती.

काका, चप्पल काढा, म्हणाली ऋजुता भोईर.
कोपरखैरण्याचीच पोर, बोलण्यात आगरी ठसका,
नखांत ग्रीस. ते मला बरं वाटलं.
भिंतीला पाठ. पावलांत वीतभर अंतर.
जाड पुठ्ठ्याची एक डायरी
मांड्यांमधून वर सरकवायला लावली, काटकोनात.
सीटवर बसल्यासारखी दाबून धरा, काका. आणखी वर.
अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस
पंक्चरला आलेल्या पोरांसमोर
डायरी मांड्यांत धरून उभा.
पेन्सिलीची रेघ. टेप.
अठ्ठ्याहत्तर.
गुणिले शून्य पॉइंट सदुसष्ट, ती म्हणाली,
आणि तिचा मोबाइल उघडायच्या आत मी तोंडी केलं:
बावन्न पॉइंट दोन सहा.
म्हणजे बावन्न.
आणि उंची, काका, पाच सहा.

छप्पन्नवर तरी बसून पाहिलंच, हट्टानं.
आडवी नळी ओलांडून उभा राहिलो
तर मध्ये बोट शिरेना.
हँडल गाठायला गेलो
तर कोपरं ताठ, खांदे कानांशी,
माळ्यावरचा डबा काढताना असतो तसा मी,
फक्त हा डबा पनवेलपर्यंत हाती लागणार नव्हता.
बोटांना मुंग्या येतील, ती म्हणाली.
सीट वरखाली होते, स्टेम बदलतो,
फ्रेम बदलत नाही. फ्रेम म्हणजे हाड.

लेथवर उलटं असतं.
जॉब मोठा राहिला तर अजून एक कट घेता येतो,
लहान झाला की भंगार.
इथे मोठ्यातून काही म्हणता काही
कापून काढता येत नाही.

बावन्नवर बसलो. मागचं चाक स्टँडला.
मी पेडल मारतोय, ती मागे उकिडवी,
बराच वेळ काहीच बोलली नाही.
मग: काका, डावा पाय आखूड आहे तुमचा.
कमरेतून त्या बाजूला कलताय.
सहा मिलिमीटर असेल.

दोन सूत.

घरी आलो, कपाट उघडलं,
सगळ्या पँटी पलंगावर काढल्या,
पायावर पाय ठेवून पाहिल्या.
करडी, निळी, मुलीच्या लग्नातली चॉकलेटी,
प्रत्येकीचा डावा पाय
दोन सूत कमी.

रेडकर टेलर घणसोलीचं दुकान विकून
कुडाळला जाऊन चार वर्षं झाली.
फोन लावला.
रेडकर, तुम्हाला ठाऊक होतं?
पलीकडे आधी खोकला. मग कुणाला तरी,
अगो, टीव्ही बारीक कर.
मग मला:
पँट सरळ पडत होती ना?

चकती मी स्वतःच केली, नायलॉनची,
शेजारच्या गाळ्यातल्या लेथवर, व्हर्नियर लावून.
डाव्या बुटाखाली बसवली.
रविवारी पहाटे पाम बीच रोडला
मोराज सर्कल गेलं, नेरूळ गेलं,
खाडीचा वास डावीकडून उजवीकडे झाला
आणि बेलापूरपर्यंत
दहाही बोटं जागी होती.

बायकोला पाच सहाचं अजून सांगितलेलं नाही.
रेडकरांसारखं
तिलाही ठाऊकच असेल.