लेपो

घड्याळ फिनलंडच्या पाहुणीचं.
तीन आठवडे ती आमच्या उतारांवर धावली,
जाताना मनगटावरून काढून माझ्या हातात ठेवलं.
पट्ट्याला तिच्या घामाचा वास होता,
आठवडाभरात तो माझा झाला.

भाषा मात्र त्याची त्याच्याकडेच राहिली.
कोणतं बटण दाबून ती बदलायची
ते कापचोर्वात कुणालाच ठाऊक नाही,
बाजारात फोन चार्ज करून देणाऱ्या मुसोबोलाही नाही.
तो म्हणाला, आकडे सगळ्यांचेच असतात, चेप्तोयेक.

म्हणून आकड्यांवरून शब्द ओळखत गेले.
वाउहती म्हणजे किलोमीटरला लागलेली मिनिटं.
स्यूके म्हणजे छातीतली धडधड,
चढावर चढायची, गुरं आडवी आली की उतरायची.
मात्का म्हणजे अंतर.
उपग्रह सापडेपर्यंत अंगणात हात वर करून उभी राहायचे,
शेजारची पोरं विचारायची, कुणाला बोलावतेस?

एकदा धबधब्याच्या कड्याखाली त्याची वाट चुकली.
नकाशावर मी दरी ओलांडून सरळ पलीकडे गेले होते,
दोन मिनिटांत एक किलोमीटर.
प्रशिक्षक सोयेक्वोंनी ती रेघ बराच वेळ पाहिली,
मग खिशातून आपलं जुनं काट्यांचं स्टॉपवॉच काढून
सदऱ्याला पुसलं.
बोलले काहीच नाहीत.

एक शब्द उरला. लेपो.
धावणं थांबवलं की तो यायचा, खाली आकडा.
सोप्या दिवशी बारा.
टेकडीचे सहा चढ मारले की एकतीस.
मला वाटलं, गुण.
गणितात कधी एकतीस पडले नव्हते मला.

मग काय, लागले लेपोच्या मागे.
खुराड्याच्या फळीवर कोळशानं लिहीत गेले
एकतीस
छत्तीस
चव्वेचाळीस
पहाटे एकदा, संध्याकाळी पुन्हा.
नडगीत टाचणी रुतून बसली होती,
तिला म्हटलं, थांब जरा, पन्नास होऊ दे.
त्रेपन्न झाले त्या रात्री आईला उठवून दाखवलं.
तिनं झोपेतच माझी पाठ थोपटली.

जूनमध्ये मुसोबोच्या फोनवर पाहुणीचा निरोप:
कशी आहेस, घड्याळ चालतंय का?
मी ऐटीत सगळे आकडे कळवले.
बराच वेळ काही नाही.
मग आलं: अगं, लेपो म्हणजे विश्रांती.
ते तास आहेत. तेवढे तास धावायचं नसतं.

दुकानात उभ्या उभ्या हसू आलं, आणि नडगी ठणकली.
चार महिने ते म्हणत होतं बस,
मला ऐकू येत होतं शाबास.

सोयेक्वोंनी तीन आठवडे धावणं बंद केलं.
एका सकाळी, गंमत म्हणून,
मी ते आईच्या हातात बांधलं, बटण दाबलं
आणि तिला जाऊ दिलं.
झऱ्यावर दोनदा. मक्यात. कॉफीच्या झाडांखाली.
डोक्यावर केळ्यांचा घड घेऊन बाजारात खाली,
पाठीवर मीठ न् रॉकेल घेऊन वर.

अंधार पडताना थांबवलं.
वाउहती हसण्यासारखी.
मात्का एकवीस, म्हणजे अर्धी मॅरेथॉन.
लेपो एकाहत्तर.

काय म्हणतंय? तिनं विचारलं.
बस म्हणतंय. तीन दिवस, एक तास कमी.
दूरच्या पाहुण्याचं बोलणं ऐकावं
तशी ती पडद्याकडे बघत राहिली.
मग म्हणाली, चांगल्या घरचं दिसतंय,
आणि बादली घेऊन गाईकडे निघाली.

मी लंगडत मागोमाग. वासरू धरलं.
घड्याळ काढायचं राहूनच गेलं.
मनगट हललं की त्याचा पडदा उजळायचा,
कासेखाली, दर धारेला,
उजळायचा, विझायचा,
आणि मोजत काहीच नव्हता.