वाक्यात उपयोग करा

माझगावची रात्रशाळा. दिवे लागायच्या आत
मी फळ्यावर लिहिलं: लागणे.
खाली, नेहमीचंच: वाक्यात उपयोग करा.

रामधनी भाऊच्या धक्क्यावर बर्फ वाहतो.
त्याच्या वहीला ओल, बोंबलाचा वास.
पहाटे धक्क्याला बोट लागते.
नवीन माणसाला बोट लागते.
बर्फाला बोट लागले की बोट झोपते.

मी तिसऱ्यावर थांबले, लिंग तपासलं.
तिन्ही बरोबर.
"एकाच खोलीत तीन बिऱ्हाडं, बाई,"
तो म्हणाला, आणि मान खाली घालून हसला.

मग आठवडाभर त्याची हजेरी लागली नाही.

आला तो भरलेलं पान घेऊन:
यमूबाई तांडेलला ठेच लागली.
रक्त थांबेना. जेजेला न्यायला टॅक्सी लागली.
खिडकीतल्या साहेबांनी विचारले,
ही तुझी कोण लागते?
मला उत्तर लागले नाही.
मी म्हणालो, हिच्या हातची भाकरी मला गोड लागते.
साहेब म्हणाले, ते नाही विचारलं.
मी म्हणालो, तेच सांगतो.

लाल पेन 'उत्तर लागले नाही'वर गेलं.
इथं 'सुचले' हवं.
पण पत्ता लागतो, थांग लागतो,
मग उत्तरानंच काय घोडं मारलंय?
टोपण लावलं.

"फॉर्मवर काय लिहिलं रे शेवटी?"
"त्या रकान्यात रेघ मारली, बाई."

बाहेर गोदीचा भोंगा झाला.
मी फळा पुसला.
हाताला खडू लागला.