लांब पाय, आखूड पाय

शनिवारी दुपारी बर्नलीच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
जुन्या नकाशांच्या कपाटापाशी
आम्ही दोन टेबलं जोडतो.
दह्याचे रिकामे डबे, तांब्याची चिकटपट्टी,
कपड्यांचे चिमटे, नाण्याएवढे सेल,
आणि माझ्या कोटाच्या खिशातली एलईडींची पुडी.
बडीशेप द्यावी तशी मी ती
तळहातांवर वाटत जाते.

"लांब पाय अधिककडे, आखूड पाय उण्याकडे."
सांगते अर्थात इंग्रजीत.
मनात मात्र हे वाक्य
मराठीतच लंगडी घालतं.

ओवेनचा पेटत नाही.
"मिस, माझा मेलाय."
मेला नाही रे, कूस बदल त्याची.
तो उलटवतो, आणि लाल!
असा लाल, की नखांतला मळसुद्धा दिसावा.

झैनब दोन दिवे एकामागे एक लावते. दोन्ही रुसलेले.
शेजारीशेजारी लावते. दोन्ही टक्क.
"रांगेत उभं राहायला त्यांनाही आवडत नाही," म्हणते,
आणि वहीत माझ्या समीकरणाऐवजी
तेवढंच लिहून ठेवते.

चिमट्याच्या दोन्ही ओठांना चांदीचा कागद,
मध्ये बसच्या तिकिटाचा तुकडा:
झालं बटण.
तुकडा ओढला की उजेड, सरकवला की अंधार.

चार वाजायच्या आत खिडक्या काळ्या.
ब्रूक, बहिणीच्या कोटात बुडालेली,
विचारते, "हा किती वेळ चालतो?"
दोन दिवस. मंद होत होत तीन.
"आणि मीटरमध्ये पैसे नाही भरावे लागत?"

कुणी गप्प वगैरे होत नाही.
ओवेन खुर्ची करकरवतच असतो.

माझे वडील वीज मंडळात वायरमन होते, मलकापूरला.
भारनियमनात लोक आमच्याच दारात यायचे:
"भाऊ, कधी येणार?"
जशी काही लाइट त्यांच्या खिशात.
ते अंधारातच पायजम्याची नाडी बांधत म्हणायचे,
येईल.

मी खिसा चाचपते.
मग आठवण होते, विचारते, घरी कुणी लहान आहे?
"टोबी. तो सगळंच खातो."
मग नाण्याचा सेल नको, दे इकडे.
कपाटातून स्क्रूच्या झाकणाची डबी काढते,
दोन पेन्सिल सेल, एक रोधक,
आणि स्क्रू पिळते, पुन्हा पिळते,
टोबीच्या नावाने तिसऱ्यांदा.
आता आठवडाभर तरी.

पाच वाजता खिडकीतून दिसते ती,
बसथांब्यावर, दह्याच्या डब्याचा कंदील घेऊन,
पिवळा, आतून जरा दह्याच्याच रंगाचा.
वर रस्त्याचा दिवा लागतो.
ती वर बघते, मग हातातल्याकडे,
आणि तिकिटाचा तुकडा
चिमट्यात सरकवून
विझवते.

घरासाठी.