दुसऱ्या गेटपाशी

रेल्वेचं दुसरं गेट पडलं
की मी स्कूटी बंद करते,
तो सायकलवरून एक पाय खाली टेकवतो.
अकरा वर्षं.
मी दवाखान्यात केसपेपर लिहिते, तो दुकानांचे बोर्ड रंगवतो.
हे त्यानं सांगितलेलं नाही.
सायकलला शिडी बांधलेली असते, हँडलला डबे,
आणि नखांत
काल कुणाचं दुकान उघडलं त्याचा रंग.

‘ऊटा आतेन्री?’ तो विचारतो, सकाळी नऊ वाजता.
‘आतरी,’ मी म्हणते. बहुतेक उपाशीच असते.
मग मालगाडी. डबे दोघांनी मोजायचे,
मोठ्यानं नाही.
गेट उठलं की तो मान हलवतो,
शिडी हलणार नाही इतकीच.

घरची माणसं आहेत मला, नाहीत असं नाही.
लुमाण्णा, पाठचा भाऊ,
कडोलीच्या वाटणीपासून सहीपुरता येतो.
चहा बशीत ओतून पितो, आईसारखा,
आणि त्या एका आवाजानं
माझं सगळं भांडण पातळ होतं.
मालन आहे. तिला माझ्या गोळ्यांची नावं पाठ,
कुठल्या वाक्याला मी रडेन तेही पाठ,
रागावली की नेमकं तेच काढते.
जवळचं माणूस म्हणजे
ज्याच्याकडे आपल्या घराची किल्ली असते
आणि म्हणून जो कडी वाजवत नाही.

या माणसाकडे माझं काही नाही.
मे महिन्यात तो दिसेना,
तर काय म्हणून विचारू, तेच कळेना.
गेटमनला म्हटलं, ‘ते... शिडीवाले?’
‘तुमचे कोण?’
चुलत्याच्या व्याह्यालासुद्धा जागा आहे आमच्या बोलीत.
याला नव्हती.

दहाव्या दिवशी आला. डाव्या मनगटाला प्लास्टर,
त्यावर एक निळा थेंब.
‘ऊटा आतेन्री?’
पहिल्यांदाच मी आधी विचारलं.
तो हसला.
तेवढ्यावर माझा तो दिवस निभला.

परवा खडेबाजारात एक नवा बोर्ड दिसला.
वर कन्नड, खाली मराठी, वळण एकाच हाताचं,
निळा तोच, प्लास्टरवरचा,
आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत रंगवणाऱ्याचं नाव, कन्नडमध्ये.
मला वाचता येतं, शाळेतलं, एकेक अक्षर लावून.
पहिलं अक्षर लावलं. ‘ब’ला वेलांटी होती.
मग भाजीची पिशवी
या हातातून त्या हातात घेतली
आणि चालू लागले.

इथं पूल होणार म्हणतात.
मोजणीवाले येऊन गेले,
भिंतीवर लाल रेघ मारून गेले.
मग कुणालाच थांबावं लागणार नाही.

तो ती रेघ बराच वेळ बघत होता.
‘सोट्ट ऐती,’ म्हणाला.
‘वाकडीच आहे,’ मी म्हटलं.
गेट कधीचं उठलं होतं.
मागचे हॉर्न देत होते.