नावे

हिशेबाच्या वहीला आमच्याकडे दोन बाजू:
जमा आणि नावे.
वडील तासगावच्या पेढीवर कीर्द लिहायचे.
मला लहानपणी वाटायचं,
उजवीकडे माणसांची नावं लिहितात
म्हणून ती बाजू नावे.
त्यांनी हे कधी दुरुस्त केलं नाही. नुसते हसायचे.

आता डंडीत, टे नदीपासून दोन गल्ल्या आत,
एका तळघरात मी
बुडालेल्या जहाज कंपनीच्या वह्या स्कॅन करते.
पांढरे सुती हातमोजे. तासाला साडेबारा पौंड.

जहाज कॉर्डेलिया, दक्षिणेच्या बर्फाकडे,
ऑगस्ट एकोणीसशे दोन.
पान अठ्ठ्याऐंशी: क्रॉल, आर्चिबाल्ड. भट्टीवर.
ओळखीची खूण, डाव्या अंगठ्याचं वरचं पेर नाही.
अर्धा पगार घरी, पत्नी युफिमिया हिच्या हाती.
वीस महिने सगळं सुरळीत.
कारकुनाचं अक्षर इतकं देखणं
की टाक कुठे बुडवला तेही कळतं.

मग न्यूझीलंडहून तार.
क्रॉल गेला होता मेच्या नऊला.
तार आली पुढच्या एप्रिलच्या नऊला.

पगार माणूस मरतो त्या दिवशी थांबतो,
कळतं त्या दिवशी नाही.
कारकुनाने लाल शाई घेतली.
अकरा महिने, दरमहा दोन पौंड, जादा गेलेले.
युफिमिया क्रॉल:
नावे, बावीस पौंड.

त्या अकरा महिन्यांत ती
खिडकीपाशी रांगेत उभी राहून
पुढच्या बाईला म्हणालीही असेल,
काय बाई गारठा यंदा,
तिकडे कसं होत असेल त्यांचं.

तिने तागाच्या गिरणीत काम धरलं.
ताग आमच्या बाजूचा, म्हणजे बंगालचा,
पण इथून पाहिलं की सगळं आमच्याच बाजूचं.
आठवड्याला एक शिलिंग कापून.
मागील पानावरून पुढे.
मागील पानावरून पुढे.

गिरणीच्या मालकाने मोहिमेला
तंबूंचं कापड दिलं होतं फुकट.
तिकडे एक डोंगर आहे त्याच्या नावे.
कप्तानाच्या नावे उपसागर.
डचेस नावाच्या कुत्रीच्या नावे
(खोटं नाही, नकाशा याच कपाटात आहे)
एक खडक.

जमेला एकच ओळ:
मयताच्या वस्तू. लोकरी हातमोजे, जोडी एक,
राखाडी, घरी विणलेले, डाव्याचा अंगठा आखूड.
किंमत दीड शिलिंग.
म्हणजे दीड आठवडा माफ.

दर आठवड्याला तिची फुली आहे समोर,
थोडी तिरकी, डावा पाय लांब.
तीनशे सत्तराव्या आठवड्यापर्यंत.
तिथून पुढे सही. शाळेतलं अक्षर:
आयसोबेल क्रॉल.
का, ते लिहायला रकाना नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी वर संग्रहालयात जाते,
तिथे ऊब असते.
परवा काचेत दिसला, इतके दिवस दिसत होताच,
एक राखाडी हातमोजा. डावा.
खाली पाटी: अनामिक खलाशी.
लोकर आटून अंगठा आखूड झाला असावा.

आटला नव्हता हो.
तिने मोजून टाके कमी घातले होते,
रिकामं टोक आधी गोठतं म्हणून.
त्या अंगठ्याचं माप
जगात एकाच बाईला ठाऊक होतं.

दुरुस्तीचा अर्ज भरलाय.
नाव, या रकान्यात दोघांची लिहिली.
तिसरंही लिहावंसं वाटलं, जागा संपली.
उत्तर अजून नाही, माणसं कमी आहेत म्हणे.

शेवटची नोंद सप्टेंबर बाराची: सहा पेन्स.
बाकी शून्य. खाते बंद.

शून्य आलं की वडील वही मिटून कपाळाला लावायचे.
मी पान उलटलं.
मागे लाल शाई फुटली होती,
आणि आकडे उलटे, आरशातल्यासारखे,
अजून जमेच्या बाजूला
यायला बघत होते.