पान लागलं

सड्यावर रेंज येते,
म्हणून माझं विद्यापीठ सड्यावर:
तीन जांभे चिरे, पाण्याची बाटली,
आणि बॅटरीचा झोत पायांभोवती फिरता ठेवायचा,
कारण फुरशालाही तापलेला दगड आवडतो
आणि त्याला कुठल्या परीक्षेची घाई नसते.

दिवसा मी मिठबावच्या आरोग्य केंद्रात गोळ्या मोजून देते.
रात्री साडेनऊला, तिकडे दुपार असताना,
जागतिक आरोग्य, वर्ष दुसरं,
पडद्यावर चौदा चौकोन.
एक किसुमूचा, एक लिमाचा,
एकात मी, आणि माझ्या मागे काळं.
"तुझी भिंत छान आहे," लिमाची म्हणाली.
मी म्हटलं, ते आकाश आहे.

माझा प्रबंध सर्पदंशावर.
पुस्तकात तो 'दुर्लक्षित आजारां'च्या यादीत आहे.
दुर्लक्षित.
सातवीच्या बाई असत्या तर विचारलं असतं,
वाक्यातला कर्ता कुठे गेला गो?

सहा वर्षांच्या वह्या काढल्या.
एका वर्षाचा अख्खा जून वाळवीने खाल्लेला.
साप हा शब्द जवळजवळ नाहीच कुठे.
तिन्हीसांजेनंतर नाव घेऊ नये,
तर आम्ही भरदुपारी, सरकारी वहीतही घेतलं नाही.
'जनावर डसले.' 'लांबडे.' 'पाय सुजून आला.'
'पान लागले', एकवीस वेळा,
निळ्या शाईत, घाडी सिस्टरांचं तिरकं अक्षर.
पान लागण्याला संगणकात कोड नाही.
मी एकवीस जणांना एकेक करून हाताने कोड दिला.
(त्यातला एक खरोखर पान खाऊन आला होता,
तंबाखू लागलेला. त्याला पुन्हा बाहेर काढला.)

मग कलमांच्या बागेत गगन थारू.
राखणीला, आठवा हंगाम.
उजव्या हाताला करंगळी नाही.
पेटी भरताना पेंढ्यात हात घातला होता.
मुकादमाने सुतळी आवळली, पेटीचीच,
आणि टेम्पो आधी आंबे घेऊन गेला.

प्रश्न चौदावा:
उपचार मिळेपर्यंत किती वेळ गेला?
"दोन खेपा."
मिनिटांत सांग.
तो बराच वेळ आठवत राहिला.
"एकशेचाळीस पेटी," म्हणाला.

करंगळीला वजन असतं.
तक्त्यात आहे, दशांशचिन्हाच्या पुष्कळ उजवीकडे.
ते उरलेल्या वर्षांनी गुणायचं.
मी त्याच्यासमोरच बसून गुणलं
आणि कागद उलटा ठेवला.

"ताई," आठ हंगामांच्या मालवणीत त्यानं विचारलं,
"ह्या हिशोबात मी हंयचो काय थंयचो?"

रकाना सातवा: गाव.
चावलं तेव्हा तो त्याच्या गावी नव्हता.
आणि चावलं त्या गावाच्या मतदारयादीत, रेशनकार्डावर,
कुणाच्या घराच्या ओटीवरसुद्धा तो नाही;
बागेतल्या पत्र्याच्या खोलीला घरनंबर नसतो.
सरांना मेल केली. सर चांगले आहेत, लगेच उत्तर देतात.
निवासी नसलेले वगळावेत, नमुना स्वच्छ राहील.
खाली ताजा कलम:
आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात हापूस आलाय,
तुमच्याच बाजूचा का?

आमच्याच बाजूचा, सर.
पेंढा नीट झटकून घ्या.
हे लिहिलं आणि खोडलं.
लिहिलं, वगळत नाही.
'मर्यादा' ह्या प्रकरणात काय ते लिहीन,
मर्यादा कुणाची, ते अजून ठरलेलं नाही.

अकराला लॅपटॉप मिटला
की सड्यावरून उतरायचं, काठी आपटत,
जे काय असेल त्याला आधी कळावं म्हणून.
ठक. दोन पावलं. ठक.
खाली कलमांतूनही एक काठी वाजत असते.

"ताई, रेंज गावली?"

गावली रे, मी ओरडते.
सोमवारी द्यायचंय.
सातवा रकाना रिकामा आहे.