रिकामं असेल तर

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
खाली एमायोगी नदी गोठता गोठेना,
वर तिसऱ्या मजल्यावर मी चौकोन रंगवत बसलेली:
तीनशे बारा रुग्ण आडव्या ओळीत,
चाळीस जनुकं उभी.
बदल सापडला तिथे रंग.
नाही तिथे पांढरं.

बदल म्हणजे तरी काय,
तीन अब्ज अक्षरांत एक वेलांटी फिरते,
दिनाचा दीन होतो.

त्यावर माउस नेला की छोटी चौकट उघडते,
काढला की मिटते.
एवढ्यासाठी माझे तीन आठवडे गेले;
चौकट कडेला कापली जायची,
शेवटच्या रुग्णाचं वय दिसायचंच नाही.

दुसऱ्या पानावर प्रथिनाची लांबलचक दांडी,
तिच्यावर काड्या, काड्यांच्या टोकाला गोळे.
जितक्या जणांत तोच बदल, तितकी काडी उंच.
राग्नर शाळेतून थेट इथे येतो,
बूट न झटकता विचारतो,
सगळ्यात मोठं लॉलीपॉप कुणाला?
मी त्याला बिस्किट दिलं.

गुरुवारी हेल्दुर आले, पॅथॉलॉजीतले,
एप्रिलात निवृत्त होणारे.
माउस त्यांना मानवत नाही. काचेवरच बोट टेकवलं:
"ही सत्तावन्नावी. अख्खी पांढरी.
हिच्यात काहीच बिघडलं नव्हतं?"

फाइल उघडली.
तिच्या रकान्यात शून्य नव्हतं,
काहीच नव्हतं.
शून्य मी भरलं होतं,
कुठल्याशा शुक्रवारी, निघायच्या घाईत, एका ओळीत:
रिकामं असेल तर शून्य धर.

"तुकडा मीच कापला होता," ते म्हणाले,
"तांदळाच्या दाण्याएवढा. तपासणीला पुरला नाही."

ओळ खोडली.
एकोणतीस पट्टे एकदम करडे झाले.
मायरे म्हणाली, मंगळवारी पाहुणे यायचेत
आणि हे तर रस्त्याकडेच्या बर्फासारखं दिसतंय,
गाड्या जाऊन जाऊन मळलेल्या.
दिसतं खरं.

चौकटीत मी आधी लिहिलं, "माहिती उपलब्ध नाही."
मग ते पुसून, "मोजता आलं नाही."
हेल्दुरनी या वेळी माउस हातात घेतला,
सत्तावन्नाव्या पट्ट्यावर नेला,
आणि काढलाच नाही.
खाली त्यांची बस येऊन गेली.